'सर्वानुमते मंजूर' कोण लिहितं? ग्रामसभेपासून नगरपंचायतीपर्यंत इतिवृत्ताचा वाद

ग्रामसभेत घरकुलाच्या यादीवरून तासभर गरमागरमी होते. कुणी म्हणतं यादीत पक्क्या घराचा माणूस घुसवला, कुणी म्हणतं खऱ्या गरजूचं नाव कापलं. ग्रामसेवक भाऊसाहेब मान खाली घालून काहीतरी टिपत असतात. महिन्याभरानं प्रोसिडिंग बुकाची नक्कल हातात पडते, तर तिच्यात एवढंच असतं: 'सविस्तर चर्चा होऊन ठराव सर्वानुमते मंजूर.' विरोध कुठंच नाही. उलट सूचक-अनुमोदक म्हणून अशा माणसाचं नाव, जो त्या दिवशी गावातच नव्हता.

अशी तक्रार ग्रामीण भागात नवी नाही. पण याला फक्त गावकीचं राजकारण म्हणून सोडून देता येत नाही. पुढं पंचायत समिती असो, बँक असो की कोर्ट, सभेत कोण काय बोललं हे कुणी विचारत नाही. कागदावर काय आहे ते बघतात.

वाद कुठं होतो?

पहिली जागा म्हणजे मधला काळ. सभा संपल्यावर लगेच इतिवृत्त लिहून सही झाली तर वादाला जागा कमी राहते. पण बऱ्याच ठिकाणी आधी कच्ची टिपणं आणि मग सवडीनं बुकात नोंद, असा प्रकार चालतो. मध्ये जागा कोरी सोडली की तिथं नंतर काय चढेल याचा नेम नाही. हजेरीच्या सह्याही तशाच. ग्रामसभेच्या कोरमला गावच्या मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० जण, यातली जी संख्या कमी असेल ती लागते. माणसं जमली नाहीत की मग घरोघरी फिरून सह्या घेतल्याचे आरोप होतात.

दुसरी जागा म्हणजे 'ऐनवेळचे विषय'. नोटिशीत जे नव्हतं ते शेवटच्या पाच मिनिटांत, निम्मी माणसं उठून गेल्यावर येतं. कधी कधी तर ते सभेत येतच नाही, थेट बुकातच उगवतं, असा आरोप सदस्य करतात.

तिसरी जागा म्हणजे पुढच्या सभेचा विषय नंबर एक: 'मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे.' सगळ्यात जास्त घोळ इथंच आहे. लोकांना वाटतं ही औपचारिकता. कुणीतरी 'मंजूर, मंजूर' म्हणतं आणि विषय संपतो.

कायम करणे म्हणजे काय?

इतिवृत्त कायम करणं म्हणजे मागच्या सभेत जे घडलं ते बरोबर लिहिलंय, एवढंच मान्य करणं. मागचा निर्णय आवडला नाही म्हणून इतिवृत्ताला विरोध करता येत नाही. ठराव बदलायचा तर तो वेगळा विषय म्हणून अजेंड्यावर आणावा लागतो. पण घडलं एक आणि लिहिलं दुसरं, तर हरकत घ्यायची हीच वेळ असते. विरोधक अनेकदा निर्णयावरच पुन्हा भांडत बसतात. सत्ताधारी मग 'हा विषय संपलाय' म्हणून पुढं जातात आणि चुकीची नोंद तशीच पक्की होते.

यात वेळेचाही प्रश्न आहे. ग्रामसभा वर्षाला किमान चार. २६ जानेवारीच्या सभेचं इतिवृत्त अनेक गावांत थेट १ मे रोजी वाचलं जातं. तोपर्यंत ठराव पुढं गेलेला असतो. नगरपरिषदांत तर ठरावातच 'इतिवृत्त कायम होण्याची वाट न पाहता अंमलबजावणी करावी' अशी ओळ घालायची पद्धत आहे. तातडीच्या पाणीपुरवठ्याला ती ठीक आहे, पण वादाच्या ठेक्यालाही तीच ओळ लागते.

डिसेंबर २०२५ मध्ये नगरपरिषदा, नगरपंचायतींच्या निवडणुका झाल्या. अनेक ठिकाणी प्रशासक जाऊन सदस्य आले. या नव्या सदस्यांनी एक गोष्ट आधी शिकायला हवी: 'माझा विरोध नोंदवा' असं नुसतं ओरडून भागत नाही, तो लेखी द्यावा लागतो. उद्या त्या ठरावात गैरव्यवहार निघाला तर 'सर्वानुमते'मध्ये आपलंही नाव धरलं जातं. बेकायदा ठरावाची अंमलबजावणी थांबवण्याचा अधिकार नगरपरिषद कायद्याच्या कलम ३०८ नुसार जिल्हाधिकाऱ्यांना आहे, पण तिथंही पुरावा कागदाचाच लागतो.

ठराव किती जड असतो?

ओडिशातल्या नियमगिरीत २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या आदेशानं खाणीबाबत १२ ग्रामसभा झाल्या. कामकाजावर लक्ष ठेवायला जिल्हा न्यायाधीश दर्जाचे अधिकारी हजर होते. बाराही ग्रामसभांनी नकार दिला, आणि तो नकार कुणाला खोडता आला नाही. उलट छत्तीसगडच्या हसदेव अरण्यातल्या गावकऱ्यांचा आरोप आहे की परसा कोळसा खाणीसाठी दाखवलेले ग्रामसभेचे ठराव बनावट आहेत. त्याच्या चौकशीसह इतर मागण्या घेऊन ते ऑक्टोबर २०२१ मध्ये सुमारे ३०० किलोमीटर चालत रायपूरला गेले. एका ठिकाणी नोंदीवर सगळ्यांसमोर नजर होती. दुसरीकडं नोंदीवरचाच विश्वास उडाला.

मशीन लिहील, पण सही कुणाची?

केंद्राच्या पंचायती राज मंत्रालयानं ऑगस्ट २०२५ मध्ये 'सभासार' हे एआयवर चालणारं साधन आणलं. सुरुवात त्रिपुरातून झाली. सभेचं ऑडिओ किंवा व्हिडिओ रेकॉर्डिंग टाकलं की ते इतिवृत्ताचा मसुदा करून देतं. याचा फायदा होईल, पण माईक कुणाच्या हातात होता, रेकॉर्डिंग कधी बंद केलं आणि मसुद्यात दुरुस्ती कुणी केली, हे प्रश्न मशीन सोडवत नाही.

म्हणून गावकऱ्यांच्या हातातले उपाय साधेच आहेत. सभा उठायच्या आत ठराव मोठ्यानं वाचून दाखवायला लावणं. विरोध असेल तर लेखी देऊन पोच घेणं. हजेरीच्या शेवटच्या सहीखाली रेघ मारायला सांगणं. आणि शंका आली तर माहिती अधिकारात १० रुपयांचा अर्ज करून प्रोसिडिंग बुकाची पाहणी व नक्कल मागणं, ज्याचं उत्तर ३० दिवसांत द्यावं लागतं. हे सगळं पुढच्या सभेच्या आधी झालं पाहिजे. एकदा इतिवृत्त कायम झालं की सभेला हजर असलेल्या दोनशे माणसांची आठवण एका बाजूला आणि बुकातली ती एक ओळ दुसऱ्या बाजूला उभी राहते. सरकारी टेबलावर बहुतेक वेळा ती ओळच जिंकते.