यंत्र मिटल्याशिवाय न सुटणारं कोडं

निन्टेंडो डीएसवरचा ‘अनदर कोड’ (2005) हा गेम मी अजून जपून ठेवलाय. अ‍ॅशली नावाची मुलगी वडिलांच्या शोधात एका बेटावरच्या जुन्या वाड्यात शिरते. गोळीबार नाही, मारामारी नाही. नुसती विचारपूस आणि उचकापाचक. त्यातलं शिक्क्याचं कोडं तर अफलातून! बटणं दाबा, पडद्यावर पेन घासा, शिक्का काही उमटत नाही. अखेर हातातलं यंत्रच वहीसारखं मिटायचं, की वरच्या पडद्यावरचं खालच्यावर उमटतं. दोन पडदे आणि बिजागरी नसती तर हे कोडं कोणाला सुचलंच नसतं.

2024 मध्ये निन्टेंडोच्याच स्विच या यंत्रावर त्याची नवी आवृत्ती आली. देखणी आहे, अडलात तर इशारेही मिळतात (मला ते नकोत). पण स्विच मिटणार कसा? मूळ गेम खेळावा म्हटलं, तर डीएसची कार्ट्रिजं चालवणाऱ्या थ्रीडीएसचं उत्पादनही 2020 मध्येच थांबलं. गेम बनवणारी सिंग कंपनी त्याआधीच, 2010 मध्ये दिवाळखोरीत गेली होती. म्हणून म्हणतो, जुने गेम जपायचे तर नुसतं सॉफ्टवेअर उतरवून भागणार नाही. चालू स्थितीतली यंत्रंही सांभाळा, आणि काचेच्या कपाटात कुलूपबंद न ठेवता पोरांच्या हातात द्या.