विश्लेषण : करार संपलेल्या खेळाडूंना राखायचे की सोडायचे? मुंबई सिटीला २०२४चा उन्हाळा का महागात पडला?

२९ मार्च २०२५. बेंगळुरूच्या कांतीरवा मैदानावर इंडियन सुपर लीगच्या बाद फेरीत मुंबई सिटीचा ५-० असा धुव्वा उडाला. पाचवा गोल होर्हे परेरा डियाझचा होता. त्याआधी ११ महिन्यांपूर्वी, ४ मे २०२४ रोजी, कोलकात्याच्या सॉल्ट लेक मैदानावर मोहन बागानविरुद्धच्या अंतिम सामन्यात मुंबईला बरोबरी साधून देणारा गोल याच डियाझने केला होता. तो सामना मुंबईने ३-१ असा जिंकला, करंडक उंचावला आणि काही आठवड्यांतच डियाझ बेंगळुरूचा झाला. करार संपला होता.

अंधेरी पश्चिमेला वीरा देसाई मार्गावरचे शहाजीराजे क्रीडा संकुल हे २०१६ पासून मुंबई सिटीचे घर. बोरिवलीचा प्रेक्षक लोकलने अंधेरीला उतरतो, मुलुंडचा घाटकोपरला गाडी बदलून मेट्रोने आझाद नगर गाठतो. आकाशी निळी जर्सी घालून येणाऱ्या या मंडळींना त्या रात्री एकच प्रश्न पडला असणार : याला सोडलाच कशाला?

प्रश्न रास्त आहे. पण त्या उन्हाळ्यातले खरे नुकसान डियाझला सोडण्यात नव्हते. ते दुसरीकडेच झाले.

करार संपला म्हणजे नेमके काय होते?

फुटबॉलमध्ये खेळाडू ठरावीक मुदतीसाठी क्लबशी बांधलेला असतो. मुदत सुरू असताना दुसऱ्या क्लबला तो हवा असेल, तर आधीच्या क्लबला हस्तांतर शुल्क द्यावे लागते. मुदत संपली की शुल्क संपले. खेळाडू मोकळा, आणि जुन्या क्लबच्या हाती एक रुपयाही नाही.

हा हक्क बेल्जियमच्या ज्याँ-मार्क बोस्मान या खेळाडूमुळे मिळाला. १९९० मध्ये लिएज क्लबशी त्याचा करार संपला. त्याला फ्रान्समधील डंकर्ककडे जायचे होते, पण करार संपूनही लिएज क्लब शुल्क मागत राहिला. प्रकरण युरोपीय न्यायालयात गेले आणि १५ डिसेंबर १९९५ रोजी निकाल बोस्मानच्या बाजूने लागला. आज जगभर हेच तत्त्व चालते.

‘फिफा’च्या नियमात आणखी एक मेख आहे. कराराचे शेवटचे सहा महिने उरले की खेळाडू दुसऱ्या क्लबशी पुढचा करार करू शकतो. नव्या क्लबने जुन्या क्लबला लेखी कळवायचे, इतकीच अट. भारतात बहुतेक करार ३१ मे रोजी संपतात. म्हणजे १ डिसेंबरपासून, ऐन मोसमात, तुमचा बचावपटू प्रतिस्पर्ध्याशी बोलणी करू शकतो आणि तरीही मेपर्यंत तुमच्याच जर्सीत खेळतो. ज्या क्लबने डिसेंबरपर्यंत निर्णय घेतला नाही, त्याने तो खेळाडूच्या हाती दिलेला असतो.

क्रिकेटमधील ‘रिटेन्शन’पेक्षा हे वेगळे कसे?

आयपीएलमुळे ‘रिटेन्शन’ हा शब्द घरोघरी पोहोचला आहे. २०२५च्या हंगामासाठी मुंबई इंडियन्सने बुमराला १८ कोटी, हार्दिक पंड्या व सूर्यकुमार यादवला प्रत्येकी १६.३५ कोटी, रोहित शर्माला १६.३० कोटी आणि तिलक वर्माला ८ कोटी देऊन राखले. इशान किशन लिलावात गेला आणि हैदराबादने त्याला ११.२५ कोटींना घेतले. किती जणांना राखायचे आणि त्यासाठी किती रक्कम बाजूला ठेवायची, याची चौकट क्रिकेट मंडळ आखते. सोडलेला खेळाडू लिलावात जातो. तिथे बोली कोण लावणार, हे त्याच्या हाती नसते.

अमेरिकेतील बास्केटबॉल लीग ‘एनबीए’ या दोन्हींच्या मध्ये कुठे तरी आहे. तिथे संघाला स्वतःचा जुना खेळाडू राखण्यासाठी वेतनमर्यादा ओलांडण्याची सवलत मिळते. लॅरी बर्ड या बोस्टनच्या खेळाडूच्या नावाने ती ओळखली जाते. काही तरुण खेळाडूंच्या बाबतीत तर दुसऱ्या संघाने दिलेला देकार तितक्याच रकमेने स्वीकारून खेळाडू परत ठेवता येतो. फुटबॉलमध्ये यातले काहीच नाही. मुदत संपली की जुना क्लब आणि नवा क्लब एकाच रांगेत उभे.

२०२३ मध्ये सोडणे का पचले?

मुंबई सिटीने खांब काढण्याची ती पहिली वेळ नव्हती. २०२३च्या उन्हाळ्यात बचावातला मोर्तादा फॉल आणि मधल्या फळीतला अहमद जाहू हे दोघे ओडिशाकडे गेले. २०२०-२१ मध्ये मुंबईने लीग शिल्ड आणि करंडक असे दुहेरी यश मिळवले, त्या संघाचे हे दोघे आधार. त्या वेळचे प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा ओडिशात होते, तिथेच ते गेले. तेव्हाही अंधेरीत हळहळ झाली.

पण फॉल तेव्हा ३५ वर्षांचा होता आणि जाहू ३५ला टेकला होता. त्यांच्या जागी तिरी आणि योएल व्हॅन निफ आले. जानेवारी २०२४ मध्ये ग्रेग स्टुअर्टही मध्येच निघून गेला. त्याआधी नोव्हेंबरमध्ये प्रशिक्षक डेस बकिंगहॅम इंग्लंडला परतले आणि पीटर क्रॅटकी आले. एवढी उलथापालथ होऊनही संघ लीगमध्ये २२ सामन्यांत ४७ गुणांसह दुसरा आला. पहिल्या क्रमांकावरच्या मोहन बागानपेक्षा फक्त एक गुण कमी. पुढे करंडकही जिंकला.

कारण उघड होते. दोन खांब काढले, पण तुळया तशाच होत्या. राहुल भेके, अपुइया, छांगटे, बिपिन सिंग, मेहताब सिंग हे सगळे भारतीय खेळाडू जागेवर होते. डियाझ आणि अल्बर्टो नोगेराही होते.

मग २०२४ मध्ये काय बिघडले?

करंडक जिंकल्यानंतरच्या उन्हाळ्यात भेके, डियाझ आणि नोगेरा हे तिघे बेंगळुरूला गेले. अपुइया मोहन बागानकडे गेला. बचावाचा कर्णधार, मधल्या फळीचे इंजिन, सर्जनशील खेळाडू आणि गोल करणारा. संघाचा कणाच एका झटक्यात गेला.

वयाचा हिशेब मांडला, तर क्लब अगदी वेडा नव्हता. त्या वेळी नोगेरा ३४ वर्षांचा होता, डियाझ आणि भेके ३३ वर्षांचे. या वयाच्या परदेशी आघाडीपटूला लांबचा करार देणे जोखमीचेच. संघात सहाच परदेशी खेळाडू ठेवता येतात, मैदानात एका वेळी चारच. त्या सहांतली एक जागा दुखापतग्रस्त खेळाडूने अडवली, तर मोसम लंगडा होतो. शिवाय परदेशी आघाडीपटूचा बाजार जगभर पसरलेला आहे. ग्रीस, स्पेन, अर्जेंटिना, कुठूनही आणा. मुंबईने ग्रीसचा निकोस कॅरेलिस आणला आणि तो गोल करत राहिला.

भेके आणि अपुइया यांचे गणित मात्र निराळे. मैदानात चारच परदेशी, म्हणजे सात भारतीय लागणारच. राष्ट्रीय संघाच्या तोडीचे भारतीय मध्य-बचावपटू किती? बोटांवर मोजावेत इतके. चेंडू ताब्यात ठेवून खेळाची लय ठरवणारे भारतीय मध्यपटू त्याहून कमी. ते ग्रीसहून मागवता येत नाहीत. ते दुसऱ्या भारतीय क्लबकडूनच घ्यावे लागतात, म्हणजे प्रतिस्पर्ध्याचा करार संपण्याची वाट पाहावी लागते किंवा भरमसाट शुल्क मोजावे लागते. क्लबने खर्च करायचा तो इथे.

भेकेचे जाणे तर मुंबईकरांना अधिक लागले. तो मुंबईत जन्मलेला आणि जुन्या मुंबई एफसीतून पुढे आलेला. १७ मार्च २०१९ रोजी याच अंधेरीच्या मैदानावर आयएसएलचा अंतिम सामना झाला. तेव्हा बेंगळुरूकडून खेळताना त्याने ११७व्या मिनिटाला हेडरने गोवाला हरवले होते. २०२१ मध्ये तो मुंबई सिटीत आला. एप्रिल २०२२ मध्ये आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये इराकच्या अल-कुवा अल-जाविया संघावर मुंबईने २-१ असा विजय मिळवला. त्या स्पर्धेतला भारतीय क्लबचा तो पहिला विजय आणि निर्णायक गोल भेकेचा. दोन वर्षांनी करंडक उंचावणारा कर्णधारही तोच. मग पुन्हा बेंगळुरू.

अपुइया तर तेव्हा अवघा २३ वर्षांचा होता. त्याचा करार शिल्लक असल्याने मुंबईला हस्तांतर शुल्क मिळाले. भेकेच्या बदल्यात काहीच नाही. पण शुल्काच्या पैशातून दुसरा अपुइया मिळतोच असे नाही. ७ एप्रिल २०२५ रोजी उपांत्य फेरीत जमशेदपूरविरुद्ध भरपाई वेळेत गोल करून त्याने मोहन बागानला अंतिम फेरीत नेले. पाच दिवसांनी मोहन बागानने बेंगळुरूला २-१ असे हरवून करंडक जिंकला. त्या दोन संघांच्या ताफ्यातल्या मुंबईच्या माजी खेळाडूंमध्ये हे पाचही होते : एका बाजूला अपुइया आणि स्टुअर्ट, दुसऱ्या बाजूला भेके, नोगेरा आणि डियाझ.

मुंबई त्या मोसमात २४ सामन्यांत ३६ गुणांसह सहावी. सामने दोन जास्त, गुण ११ कमी.

५-० हा निकालच पुरावा मानायचा का?

नाही. तसे मानले तर घाई होईल. त्या बाद सामन्याच्या १८ दिवस आधी, ११ मार्चला, मुंबईने याच कांतीरवावर बेंगळुरूला २-० असे हरवूनच पुढची फेरी गाठली होती. तेव्हाही डियाझ बेंगळुरूचाच होता. एका रात्रीच्या गोलफरकावरून करारांचा हिशेब मांडणे म्हणजे एका पावसावरून मान्सून सांगणे. पुरावा हवा असेल तर तो पूर्ण मोसमातल्या त्या ११ गुणांत शोधावा. तिथेही दुखापती, नव्या खेळाडूंचा जम बसायला लागलेला वेळ अशी इतर कारणे आहेतच.

क्लबच्या तिजोरीचे काय?

चाहत्याला तिजोरी दिसत नाही, पण ती प्रत्येक करारात बसलेली असते. अंधेरीचे मैदान महापालिकेचे. प्रेक्षकक्षमता सात हजारांच्या आसपास. सॉल्ट लेकवर मोठ्या सामन्याला जी गर्दी जमते तिच्यापुढे हे चिमुकले. प्रत्येक सामना हाऊसफुल्ल गेला तरी तिकिटांवर एखाद्या आंतरराष्ट्रीय खेळाडूचे वेतन निघणे कठीण. त्यात लीगची वेतनमर्यादा. त्यामुळे प्रत्येकाला राखा, ही मागणी भावनेने बरोबर आणि हिशेबाने अशक्य.

म्हणूनच कोणाला सोडले यापेक्षा किती जणांना एकाच उन्हाळ्यात सोडले आणि त्यात भारतीय किती, हे आधी पाहायला हवे. चार महत्त्वाच्या खेळाडूंच्या जाण्याचा प्रश्न एकाच वेळी उभा राहिला, तर क्लबकडे सौदा करायला काही उरत नाही. करारांच्या तारखा पुढेमागे ठेवणे हे साधे कारकुनी काम वाटते, पण संघ टिकतो तो त्यावर. कणखर भारतीय बचावपटूचा करार शेवटच्या वर्षात जाण्याआधीच वाढवायचा. ३३ वर्षांच्या कर्णधाराला एक वर्षाचा करार आणि ठरावीक सामने खेळल्यास आपोआप आणखी एक वर्ष, असा मधला मार्गही असतो. परदेशी आघाडीपटूबाबत मात्र हात सैल सोडायला हरकत नाही. डियाझसाठी गळा काढणाऱ्यांना हे पटणार नाही, पण त्याला जाऊ देणे हा त्या उन्हाळ्यातला सर्वात कमी चुकीचा निर्णय होता.

२०२५ मध्ये तीच वाट पुढे चालू राहिली. मेहताब सिंग मोहन बागानकडे गेला. बिपिन सिंग ईस्ट बंगालकडे. २०२१च्या अंतिम सामन्यात ९०व्या मिनिटाला विजयी गोल आणि २०२४च्या अंतिम सामन्यात मुंबईला आघाडी देणारा गोल, हे दोन्ही या बिपिनचे. २०२३च्या त्या पाच भारतीयांपैकी चार दोन उन्हाळ्यांत गेले. भेकेनंतर कर्णधारपद सांभाळणारा छांगटे उरला.

लीगच अधांतरी असेल तर?

जुलै २०२५ मध्ये लीगचा पुढचा मोसमच थांबवण्यात आला. अखिल भारतीय फुटबॉल महासंघ आणि आयोजक कंपनी यांच्यातला हक्ककरार ८ डिसेंबर २०२५ रोजी संपणार होता आणि नवा ठरला नव्हता. क्लबांनी सराव थांबवले, काहींनी वेतन रोखले. २०१९ मध्ये मुंबई सिटीत ६५ टक्के हिस्सा घेणारा सिटी फुटबॉल ग्रुप डिसेंबरअखेर बाहेर पडला. अखेर १४ फेब्रुवारी २०२६ पासून आखूड मोसम सुरू झाला.

पुढच्या वर्षी किती सामने होणार आणि प्रक्षेपणातून किती पैसे येणार, हे ठाऊक नसलेला क्लब तीन वर्षांचा करार देत नाही. तो एका वर्षाचा देतो. एका वर्षाचे करार वाढले की दर मे महिन्यात मोकळ्या होणाऱ्या खेळाडूंची रांगही वाढते, आणि २०२४चा उन्हाळा दर वर्षी येऊ शकतो. १ डिसेंबर २०२५ रोजी लीग कधी सुरू होणार, हे कोणत्याच क्लबला सांगता येत नव्हते. ३१ मे २०२६ रोजी करार संपणाऱ्या प्रत्येक खेळाडूला मात्र त्या दिवसापासून दुसऱ्या क्लबशी बोलण्याची मुभा होती.