धार हवी, जोर नको

खंडेनवमीला आपण घरातली हत्यारे-अवजारे पुसून त्यांना हळदकुंकू वाहतो. त्यांत बागेची कात्रीही असते. पाऊस सरला, की त्याच सुमारास गुलाबाच्या छाटणीचे दिवस येतात. म्हणून पूजेआधी एवढे अवश्य पाहा : कात्रीला धार आहे ना?

आजी-आजोबांच्या हाताला लागेल, या भीतीने पुष्कळ घरांत कात्री बोथटच राहू दिली जाते किंवा लपवून ठेवली जाते. हेतू मायेचा असला, तरी परिणाम उलटा होतो. बोथट पाते फांदी कापत नाही, ती चिरडते. त्यासाठी मूठ अधिक आवळावी लागते आणि त्याचा ताण अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या सांध्यावर येतो. उतारवयात झिजणाऱ्या सांध्यांपैकी हा एक होय. शिवाय जोर लावताना पाते निसटले, तर इजा होते ती बहुधा फांदी धरलेल्या हाताला.

धार लावणे अवघड नाही. जाड हातमोजे घालून कात्री साबणाच्या पाण्याने घासावी व कोरडी करावी. चिकटलेला चीक स्पिरिटने पुसावा. त्या वेळी जवळपास निरांजन किंवा शेगडी पेटलेली नसावी. गंज तारेच्या घासणीने काढावा. मग पात्याच्या उतरत्या बाजूवर, मूळचा उतार न बदलता, बारीक कानस किंवा धारेचा दगड मुळाकडून टोकाकडे एकाच दिशेने आठ-दहा वेळा फिरवावा. सपाट बाजू घासू नये. तिथे आलेली कूस तेवढी एका हलक्या हाताने काढावी. धार बोटाने न पाहता कागद कापून पाहावी. शेवटी सांध्याच्या खिळ्यावर शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब सोडावेत. खोबरेल वापरू नये. ते थंडीत गोठते.

हात थरथरत असतील किंवा नजर अधू असेल, तर धार घरातल्या तरुणाने लावावी. छाटणी मात्र ज्येष्ठांनाच करू द्यावी. त्यांनी कोवळ्या, बारीक फांद्याच कापाव्यात आणि फांदी पात्याच्या टोकाशी न धरता खिळ्याजवळ, आतवर घ्यावी. अंगठ्याहून जाड फांदीला करवत बरी. काम दहा-पंधरा मिनिटांनी थांबवून बोटे सैल सोडावीत.

मधुमेहामुळे हातांची संवेदना मंदावली असेल, तर काम संपल्यावर हात धुऊन उजेडात नीट पाहावेत. लहान जखम जाणवतही नाही. जखम झालीच, तर ती वाहत्या पाण्याने धुऊन स्वच्छ कापडाने सलग दहा मिनिटे दाबून धरावी. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील आणि रक्त थांबत नसेल, तर विलंब न करता डॉक्टरांकडे जावे. धनुर्वाताचे जंतू मातीत व शेणखतात असतात. कात्री गंजलेली नव्हती म्हणून निर्धास्त राहू नये. मागील लस कधी घेतली, याची नोंद औषधांच्या यादीतच ठेवावी.

आपल्या हाताने लावलेल्या गुलाबाची छाटणी आपणच करावी, ही ज्येष्ठांची इच्छा साधी आहे. त्यांच्या हातून कात्री काढून घेण्यापूर्वी ती एकदा धार लावून त्यांच्या हाती देऊन पाहा.