सायकली डोंगरात आल्या, पण पाणंद कुणाची? कळंबा-कात्यायनी पट्ट्यानं आत्ताच ठरवायची गोष्ट

कळंबा (ता. करवीर) : रविवारी पहाटे साडेपाचला कळंबा तलावाच्या बांधावर फिरायला येणाऱ्यांची गर्दी असते, हे नवं नाही. नवं आहे ते गारगोटी रस्त्यानं कात्यायनीच्या दिशेनं जाणाऱ्या सायकलींचं. जाड टायर, पुढं शॉकअप, डिस्क ब्रेक आणि डोक्यावर हेल्मेट. आधी ही मंडळी डांबरावरून जायची आणि डांबरावरूनच यायची. आता ती डांबर सोडून पाणंदीत शिरतात, गुरांच्या वाटेनं डोंगर चढतात आणि दुसऱ्या अंगानं खाली उतरतात. सायकल साठ हजारांची, कुणाची लाखाच्या वर. (डेअरीसमोर चहाला थांबल्यावर कुणी किंमत विचारली तर निम्मी सांगायची, अशीही रीत पडली आहे.)

याला माउंटन बायकिंग म्हणतात. १९७०च्या दशकात अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात काही पोरांनी जुन्या दणकट सायकली डोंगरावरून खाली सोडल्या, तिथून हा खेळ सुरू झाला. १९९६च्या अटलांटा ऑलिंपिकपासून तो ऑलिंपिकमध्येही आहे. म्हणजे ही नुसती श्रीमंतांची हौस म्हणून सोडून देता येणार नाही, आणि उद्या गावात पैशाचा पाऊस पडेल म्हणून हुरळून जाण्यातही अर्थ नाही. गावानं विचार करायचा तो वाटेचा. ज्या वाटेनं ही सायकल जाते ती वाट कुणाची आहे?

वाट तीन प्रकारची

डोंगराकडं जाणारी वाट दिसायला एकच दिसते, पण कागदावर ती तीन प्रकारची असते. पहिली गावनकाशावर दाखवलेली पाणंद किंवा शिवरस्ता. ती सार्वजनिक. तिथून सायकल गेली तर कुणी अडवू शकत नाही. दुसरी बांधावरची वाट. ही शेतकऱ्याला स्वतःच्या शेतात जायला मिळते, जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १४३ खाली तहसीलदार ती देतात. ती शेतकऱ्याची सोय आहे, पर्यटकांसाठी दिलेला हक्क नव्हे. तिसरी गायरानातली, डोंगरपडीतली किंवा वनखात्याच्या जागेतली पायवाट. तिथं गुरं जातात, गवत कापणाऱ्या बायका जातात, देवीला जाणारे भाविक जातात. सरावानं पडलेली वाट, पण तिची नोंद बहुतेक ठिकाणी कुठंच नसते.

सायकलवाल्याला हा फरक मोबाईलवर दिसत नाही. एकानं ॲपवर मार्ग टाकला की दहा जण त्याच रेषेनं येतात, मग ती रेषा कुणाच्या भुईमुगातून गेलेली का असेना. त्यात त्यांची लबाडी असतेच असं नाही, त्यांना कुणी सांगितलेलं नसतं, एवढंच.

आता यात सरकारचा एक निर्णय महत्त्वाचा आहे. २२ मे २०२५ला महसूल विभागानं शेतरस्त्यांबाबत शासन निर्णय काढला. शेतरस्ता शक्यतो तीन ते चार मीटर रुंद असावा आणि त्याची नोंद सातबाऱ्याच्या इतर हक्कात करावी, असं त्यात आहे. ऊसवाल्याला यापेक्षा मोठी गोष्ट नाही. ट्रॉली बाहेर निघाली नाही तर वर्षाची मेहनत फडातच वाळते. पण रुंद झालेली, मुरूम टाकून सपाट केलेली पाणंद डोंगरी सायकलवाल्याच्या कामाची राहत नाही, त्याला अरुंद, वळणाची, दगडगोट्याची वाट लागते. उद्या पर्यटनाच्या नावाखाली कुणी म्हणालं की ही पाणंद आहे तशीच ठेवा, तर उत्तर सरळ आहे. आधी ट्रॅक्टर, मग सायकल. पाणंद शेतीची, सायकलीनं गायरानाच्या वरच्या अंगाला जावं.

तलावाचं पोट आणि डोंगराची माती

कळंब्याच्या बाबतीत एक गोष्ट बाकीच्या गावांपेक्षा वेगळी आहे. कळंबा तलाव संस्थानकाळातला. कोल्हापूर शहराला पाणी द्यायला तो बांधला आणि तिथून मंगळवार पेठेतल्या पाण्याच्या खजिन्यापर्यंत पाणी नेलं. या तलावात पाणी येतं ते कात्यायनीच्या डोंगराकडून ओढ्यांनी. म्हणजे डोंगराची जी माती सुटेल ती शेवटी तलावाच्या पोटात जाणार. आधीच मुरूम उपसा आणि प्लॉटिंगनं डोंगराच्या पायथ्याचे लचके तोडले आहेत. त्यात सरळ उतारावरून सायकलींनी चर पाडले तर पावसाळ्यात तेच चर ओहोळ होतात.

हे टाळता येतं, आणि ते शेतकऱ्याला शिकवायची गरज नाही. जगभर ही वाट आखणारे एक साधा नियम पाळतात : वाटेचा चढ हा डोंगराच्या उताराच्या निम्म्यापेक्षा जास्त नको आणि सरासरीनं शंभर फुटाला दहा फुटांच्या वर नको. वाट उताराला आडवी न्यायची, बाहेरच्या अंगाला किंचित कलती ठेवायची, म्हणजे पाणी वाटेनं धावत नाही, वाट ओलांडून निघून जातं. पाणलोटाच्या कामात समतल चर काढताना जो विचार असतो, त्याचाच हा चुलतभाऊ. आणि जून ते सप्टेंबर वाट पूर्ण बंद. ओल्या मुरमात एका रविवारी पडलेली चाकोरी पुढच्या पावसाळ्यापर्यंत भरत नाही. रायडर मंडळींना नेमका हिरवागार पावसाळाच हवा असतो, तिथं गावानं नाही म्हणायला शिकलं पाहिजे.

सिमेंटचा सायकल ट्रॅक, कमान आणि सेल्फी पॉइंट असा प्रस्ताव कुणी आणलाच तर तो सायकलीसाठी नसून ठेक्यासाठी आहे असं समजावं.

कासनं काय शिकवलं

डोंगर बघायला लोक आले की गावाचं काय होतं, याचं जवळचं उदाहरण साताऱ्याचं कास पठार. २०१२ मध्ये पश्चिम घाटातल्या ज्या जागा जागतिक वारशात गेल्या त्यात कास होतं, आपलं राधानगरीही होतं. कासला आजूबाजूच्या गावांच्या संयुक्त वन व्यवस्थापन समित्यांनी कारभार हातात घेतला. प्रवेश शुल्क, ऑनलाइन नोंदणी, दिवसाला किती माणसं सोडायची याची मर्यादा. गावातल्या पोरांना हंगामात काम मिळालं.

पण कासची दुसरी बाजूही आहे. फुलं वाचवायची म्हणून पठाराला जाळीचं कुंपण घातलं, गुरं बंद झाली. काही वर्षांनी लक्षात आलं की चराई थांबल्यानं गवत माजलं आणि फुलं कमी झाली. शेवटी कुंपण काढावं लागलं. गुराख्याला आधी विचारलं असतं तर खर्च वाचला असता. कात्यायनीच्या डोंगरात सायकलीसाठी गुरांना अडवायची भाषा कुणी केली तर हे उदाहरण पुढं ठेवावं.

परदेशातलं एक गाव बघा. ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावर डर्बी नावाचं गाव आहे, कथिलाच्या खाणींवर वाढलेलं. खाणी संपल्या, गाव ओस पडत चाललं. २०१५ मध्ये तिथं डोंगरी सायकलीच्या वाटा उघडल्या आणि गाव परत उभं राहिलं, जगभरातून लोक यायला लागले. मग घरांच्या किमती चढल्या, बरीच घरं पाहुण्यांना भाड्यानं गेली आणि तिथंच काम करणाऱ्याला राहायला घर मिळेना. कळंब्यात, पाचगावात जागेचे भाव कुठं पोचलेत ते वेगळं सांगायला नको. फरक एवढाच की इथं भाव शहरामुळं चढले, सायकलीमुळं नाही. पण डोंगराच्या कडेला फार्महाऊसचे प्लॉट पाडणाऱ्याला जाहिरातीत लिहायला आणखी एक ओळ मिळेल, आणि प्लॉटच्या भिंतीत पहिली गडप होते ती पाणंदच.

पैशाचा हिशोबही आधी करून बघावा. समजा रविवारी ५० सायकलवाले आले. पार्किंग आणि वाटेचं शुल्क माणशी ५० रुपये, चहा-नाष्टा १०० रुपये. पावसाळा सोडून वर्षात ३० रविवार धरले तर ७५ हजार ग्रामपंचायतीला आणि दीड लाख गाड्यावाल्यांना, बचत गटांना. त्यातूनही साहित्य, मजुरी वजा करायची. दोन-तीन घरांना जोडधंदा होईल, गाव श्रीमंत होणार नाही. मात्र हे पैसे गावात राहायला हवे असतील तर वसुली समितीकडं हवी. बाहेरची कंपनी येऊन माणशी हजार-दीड हजार घेऊन सहली काढणार असेल, तर राज्याच्या २०२१च्या साहसी पर्यटन धोरणाप्रमाणं तिनं पर्यटन संचालनालयाकडं नोंदणी करणं आवश्यक आहे. ग्रामपंचायतीनं तो कागद मागावा. अपघात झाला तर जबाबदार कोण, हे त्या कागदावरून कळतं.

धोके काल्पनिक नाहीत. डिसेंबर २०२१ मध्ये गवा कोल्हापूरच्या वेशीपर्यंत आला होता आणि भुयेवाडीत एका तरुणाचा जीव गेला होता. उसाच्या आडोशानं गवा कुठंही निघतो, आणि वेगात उतरणाऱ्या सायकलीला वळणावर तो दिसत नाही. म्हातारं माणूस, डोक्यावर गवताचा भारा घेतलेली बाईही दिसत नाही. हंगामात गारगोटी रस्त्यावर बिद्रीकडं उसाच्या ट्रॉल्यांची रांग असते, अंधारात रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली आणि दिवा नसलेली सायकल यांची गाठ पडली तर काय, हे सांगायला नको. फेब्रुवारीनंतर डोंगरात वाळलेलं गवत. एक विडी सगळं पेटवते, आणि वणवा लागला की नाव गुराख्याचं येतं.

गावातल्या पोरांसाठी मात्र यात संधी आहे, आणि ती चहाच्या गाड्यापेक्षा मोठी आहे. पाटाच्या कडेनं शाळेला सायकल दामटणारं पोर चढाला शहरातल्या हौशी माणसाला मागं टाकतं. देशाच्या सायकलिंग महासंघाच्या राष्ट्रीय स्पर्धांत माउंटन बायकिंगचा गट असतो. शासकीय नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, ते मान्यताप्राप्त स्पर्धेतल्या पदकावर. तालमींना हे गणित माहीत आहे, सायकलीचं कुणी सांगत नाही. अडचण सायकलीच्या किमतीची आहे. रायडर मंडळी दोन-तीन वर्षांनी सायकल बदलतात. डोंगर फुकट वापरायचा असेल तर जुन्या सायकली गावच्या शाळेला द्या, असा करार मागण्यात गैर काही नाही.

एवढं करायला डोंगर मुळात गावाच्या हातात राहिला पाहिजे. नंदवाळला भारत राखीव बटालियनच्या तळाला वारकऱ्यांनी आणि गावकऱ्यांनी विरोध केला, तेव्हा मोकळी जागा गावाला किती लागते ते जिल्ह्यानं पाहिलं. सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०११ मध्ये जगपाल सिंग खटल्यात गावाच्या सामाईक जमिनी राखायला सांगितलं, त्याच वर्षी राज्यानंही गायरानाबाबत शासन निर्णय काढला. त्यात कळंब्याचा प्रश्न दुहेरी आहे. ४२ गावांच्या प्राधिकरणाचा कारभार एका बाजूला, हद्दवाढीची टांगती तलवार दुसऱ्या बाजूला. हद्दवाढ झाली तर ग्रामसभाच उरत नाही, मग वाटेवर ठराव करणार कोण?

म्हणून घाई आहे ती ठरावाची. कळंबे तर्फ ठाणे असो की डोंगराच्या पलीकडची गावं, वर्षात किमान चार ग्रामसभा होतात. पुढच्या सभेला ग्राम महसूल अधिकाऱ्यांना गावनकाशा आणि गायरानाचे गट नंबर घेऊन बोलवावं. कुठली वाट नकाशावर आहे, कुठली बांधावरची आहे, कुठली वनखात्याच्या हद्दीत जाते, हे सगळ्यांसमोर वाचून घ्यावं. वनखात्याची जागा असेल तर त्यांची परवानगी वेगळी लागेल. बाकी वाटांवर दगडाला रंग मारून बाण काढायला एक डबा आणि दोन पोरं पुरतात.