रक्त पातळ, माणूस ढेपाळला?

आज कोडबद्दल एक अक्षर नाही. आज गोळीबद्दल.

झालं असं, की गेल्या वर्षी ऑनसाइटवरून परतताना वीसेक तास विमानात बसून काढले. घरी आल्यावर चौथ्या दिवशी डावी पोटरी सुजली. क्रॅम्प असेल म्हणून दोन दिवस बाम चोळला (हे करू नका!). सोनोग्राफीत पायाच्या खोल शिरेत गुठळी निघाली आणि रिव्हारोक्साबॅन सुरू झालं. पहिले तीन आठवडे १५ मिलिग्रॅम दोनदा, मग २० मिलिग्रॅम रोज एकदा, जेवणाबरोबर.

दोनेक महिन्यांनी थकवा सुरू झाला. साधासुधा नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या कँटीनपर्यंत जिना चढलो की धाप लागायची. दुपारी तीनच्या मीटिंगमध्ये स्क्रीनवरची अक्षरं पोहायची.

आता गंमत बघा. 'रक्त पातळ करणारी गोळी' हे नाव ज्याने ठेवलं त्याला एकदा भेटायचंय मला. नावावरून वाटतं, दुधात पाणी घालावं तसं काहीतरी होत असणार. तसं काही होत नाही. रक्त तेवढंच दाट राहतं, फक्त गोठायला वेळ लागतो. रिव्हारोक्साबॅन गोठण्याच्या साखळीतलं एक प्रथिन अडवतं. जुनं वॉर्फरिन 'के' जीवनसत्त्वाचं काम अडवतं, म्हणून त्यात मेथी-पालकाचं प्रमाण सांभाळावं लागतं. पण नाव असं, की थकवा आला तर सगळ्यांना ते अगदी ओघानंच आलेलं वाटतं. आई म्हणाली, "अरे, रक्तच पातळ झालंय, अशक्तपणा येणारच." आणि ताटात बीट, डब्यात खजूर सुरू.

ऑफिसात तर विचारूच नका. 'थकलोय यार' हे आमच्याकडे गुड मॉर्निंगचं भाषांतर आहे. सगळेच थकलेले, मग माझ्या थकव्याला कोण लक्षण म्हणणार? मी स्वतःही म्हणालो नाही.

उलट इंजिनियरपणा केला. एका शुक्रवारी रात्री ठरवलं, दोन दिवस गोळी बंद करून बघू. रविवारी संध्याकाळी एकदम फ्रेश! बग सापडला! शनिवार-रविवार मी नऊ-नऊ तास झोपलो होतो आणि हिंजवडीचा ट्रॅफिक नव्हता, हे मात्र सोयीस्करपणे विसरलो. ज्युनिअरने असं टेस्टिंग केलं असतं तर मी त्याला हाकलला असता. वर, आमच्या वयात या औषधाचं रक्तातलं प्रमाण पाच ते नऊ तासांत निम्मं होतं. म्हणजे शनिवार रात्रीपासून पायातली ती जुनी गुठळी जवळजवळ मोकाट होती. ती फुप्फुसात गेली असती तर हा ब्लॉग लिहायला मी असतो का, माहीत नाही.

सोमवारी डॉक्टरांना हे अभिमानाने सांगितलं. ते ओरडले नाहीत. एवढंच विचारलं, "शौचाचा रंग कसा आहे?" मी चाट. काळपट होता की हो, बरेच दिवस! "पेनकिलर घेता का?" मान दुखते म्हणून मेडिकलमधून डायक्लोफिनॅक आणत होतो, महिनाभर. हिमोग्लोबिन १३.८ वरून ९.६ वर आलेलं. एंडोस्कोपीत जठरात अल्सर, थेंबथेंब रक्त जात होतं. गोळी किती दिवस थांबवायची, पुन्हा कधी सुरू करायची, हे सगळं मग त्यांनी ठरवलं. पेनकिलर कायमची बंद, ॲसिडची गोळी सुरू, लोहाची गोळी सुरू. (लोहानेही शौच काळं होतं, तेव्हा नंतर उगाच घाबरू नका.)

म्हणून म्हणतो, ही गोळी घेणाऱ्याचा थकवा 'चालायचंच' खात्यात टाकायचा नसतो. तो गोळीचा असू शकतो, औषधाच्या माहितीपत्रकात तसं छापलेलंही असतं. फुप्फुसात गुठळी होऊन गेलेल्यांना महिनोन् महिने दम पुरत नाही. थायरॉईड असेल, झोप असेल. डॉक्टर औषध बदलूनही बघू शकतात. पण आतून रक्त जातंय का, हे आधी तपासायला हवं, आणि त्याची सुरुवात काही शे रुपयांच्या सीबीसीपासून होते. आम्ही सर्व्हरच्या प्रत्येक लॉगवर अलर्ट लावतो आणि स्वतःचा लॉग न वाचताच डिलीट करतो, कमाल आहे.

दरम्यान दिवस ढकलायचाच होता. मॅनेजरला स्पष्ट सांगितलं, कारणासकट. तीनची मीटिंग अकराला गेली. अवघड काम सकाळी, जेवणानंतर पंधरा मिनिटं चालणं, लिफ्ट घ्यायला लाजायचं नाही. एखाद्या दिवशी गोळी विसरली तर त्याच दिवशी आठवेल तेव्हा घ्यायची, दुसऱ्या दिवशी डबल नाही. डोकं दुखलं तरी मेडिकलवाल्याला विचारण्याआधी डॉक्टरांना फोन.

काल रिपोर्ट आला. हिमोग्लोबिन १२.९. आईने बीट अजून बंद केलेलं नाही.