दिव्याचा हिशेब

आजीची चिमणी अजून आमच्या घरात आहे. पत्र्याची, मूठभर उंचीची. तोंडाला बारीक नळी आणि नळीत मागावरच्या तुटक्या सुताची वळलेली वात. काच नाही, त्यामुळे उजेड हातभर आणि काजळी घरभर. या उजेडात आजी रात्री कांड्या भरायची, कारण सकाळी आजोबा मागावर बसायचे तेव्हा त्या तयार लागत. पहाटे तोंड धुताना तिच्या नाकातून काळे पाणी यायचे. चिमणीच्या वर तुळईला पडलेला डाग घर पाडेपर्यंत गेला नाही.

त्या तेलाला कोणी रॉकेल म्हणतो, कोणी घासलेट. 'रॉक ऑइल'चे रॉकेल झाले, 'गॅसलाइट'चे घासलेट. परके शब्द आपण घरचे करून टाकले. पण तेलासाठी मोजलेला पैसा पुढे कुठे जातो, त्याचा भाव कुठे ठरतो, हे आपण विचारले नाही. ते विचारायला आम्ही ही चळवळ सुरू करत आहोत. आम्ही म्हणजे विणकरांची, विडी वळणाऱ्या बायकांची, गिरणी कामगारांची नातवंडे, काही शिक्षक, दोन किराणा दुकानदार आणि एक निवृत्त रेल्वे कामगार.

रॉकेल येण्याआधी इकडचे दिवे करडईच्या तेलावरही जळत. बी काळ्या रानातली, घाणा गावच्या तेल्याचा, पैसाही गावातच फिरायचा. १८६० मध्ये सोलापूरला रेल्वे आली आणि पुढे तिच्यावरून खनिज तेलाचे डबे आले. ते स्वस्त पडे आणि उजेड चांगला देई. लोकांनी ते घेतले यात त्यांचा काही दोष नाही. मात्र घाण्याचा बैल सुटला, आणि दिव्याची वात इथे राहून दोरी समुद्रापार गेली.

ती दोरी कोणाच्या हातात होती हे पाहायचे तर रत्नागिरीला जावे लागेल. थिबा राजवाडा आपण सहलीत पाहतो, फोटो काढतो आणि परत येतो. तिथे इंग्रजांनी कैदेत ठेवलेल्या थिबा राजाच्या ब्रह्मदेशात, इरावतीकाठी येनानजाँगला, तेलाच्या विहिरी होत्या. माणसे दोराने खाली उतरून त्या हातांनी खणत, आणि त्या तेलाच्या व्यापारावर राजाचा हक्क होता. १८८५ मध्ये सागवानाच्या दंडावरून बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनचा राजाशी तंटा झाला. त्याचे निमित्त करून इंग्रजांची फौज मंडालेत शिरली. १ जानेवारी १८८६ ला ब्रह्मदेश खालसा झाला आणि त्याच वर्षी स्कॉटलंडमध्ये बर्मा ऑइल कंपनी स्थापन झाली. युद्ध केवळ तेलासाठी झाले असे आम्ही म्हणत नाही. सागवान होते, फ्रेंचांचा धाकही होता. पण राजा १९१६ मध्ये रत्नागिरीत कैदेतच वारला, आणि त्याच्या मुलुखातले तेल हिंदुस्थानातल्या घराघरांत जळत राहिले, एवढे तरी आपल्या मुलांना ठाऊक असावे.

अमेरिकेच्या स्टँडर्ड ऑइललाही ब्रह्मदेशात शिरायचे होते. सरकारने तिला दार उघडले नाही. इंग्रजांच्या आरमाराला स्वतःच्या मुठीतले तेल हवे होते. १९०५ मध्ये बर्मा ऑइलने आरमाराशी करार केला, आणि त्याच वर्षी एशियाटिक पेट्रोलियम या प्रतिस्पर्धी कंपनीशी हिंदुस्थानच्या रॉकेल बाजाराबाबत जुळवून घेतले. पुढे बर्मा ऑइलच्याच पोटी जन्मलेल्या अँग्लो-पर्शियन कंपनीचे निम्म्याहून अधिक भाग १९१४ मध्ये खुद्द ब्रिटिश सरकारने घेतले. रयतेच्या वतीने ज्याने जाब विचारायचा, तोच त्या घराण्यात भागीदार होऊन बसला. कुंपणानेच शेत खाल्ल्यावर दाद कोणाकडे मागायची?

आणि मग १९२७ साल. न्यूयॉर्कच्या स्टँडर्ड ऑइलने रशियाचे तेल हिंदुस्थानच्या बाजारासाठी घेतले. रॉयल डच शेलचे प्रमुख हेन्री डेटर्डिंग खवळले. तेव्हा रशियात असलेल्या बाकूच्या तेलात त्यांच्या कंपनीचा पैसा अडकला होता आणि क्रांतीनंतर बोल्शेविकांनी तिथल्या विहिरी ताब्यात घेतल्या होत्या. म्हणून हा चोरीचा माल, असे त्यांचे म्हणणे. भांडण बाकूचे, भांडणारे लंडनचे आणि न्यूयॉर्कचे, आणि रणांगण हिंदुस्थान. त्या सप्टेंबरात शेलने इथले रॉकेलचे भाव पाडले, समोरच्यानेही पाडले. दुकानात माप तेच आणि पैसे कमी का लागतात, हे मापणाऱ्यालाही उमगले नसेल. आमच्या पणजीला चार दिवस बरे वाटले असेल, आणि त्याबद्दल आम्ही तिला नावे ठेवणार नाही. पण स्वस्ताई जशी तिला न विचारता आली, तशीच महागाईही येणार होती.

भाव कोसळताच ब्रह्मदेशातल्या तेलवाल्यांनी सरकारकडे संरक्षण मागितले. देशी धंदा वाचवा, असे ते म्हणत होते. ब्रह्मदेश तेव्हा हिंदुस्थानचाच प्रांत होता, म्हणून ग्लासगोच्या भांडवलालाही देशी म्हणवून घेता येत होते. १९२८ मध्ये टॅरिफ बोर्डाने चौकशी केली. संरक्षण मिळाले नाही. पण कंपन्यांनी आपली सोय आपण केली. बर्मा ऑइल आणि शेल यांनी त्याच वर्षी हिंदुस्थानातली विक्री एकत्र करून बर्मा-शेल उभी केली. सप्टेंबरमध्ये डेटर्डिंग, न्यू जर्सीच्या स्टँडर्ड ऑइलचे वॉल्टर टीगल आणि अँग्लो-पर्शियनचे जॉन कॅडमन स्कॉटलंडमधल्या अकनाकॅरीच्या वाड्यात जमले. शिकारीला आलो आहोत, असे बाहेर सांगितले. आत ठरले ते असे की ज्याच्या वाट्याला जेवढा बाजार आहे तेवढाच त्याच्याकडे राहील, कोणी कोणाचा हिस्सा खायचा नाही. 'जैसे थे' याच अर्थाच्या नावाने तो करार ओळखला जातो. ज्यांच्या चुलीचा आणि दिव्याचा तो सौदा होता, त्यांच्यापैकी कोणी त्या खोलीत नव्हते.

त्यानंतर दोन वर्षांच्या आत स्वातंत्र्यलढ्यात सोलापूर पेटले. मे १९३० मध्ये इथे गोळीबार झाला, १२ मेला मार्शल लॉ आला. १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन येरवड्यात फासावर गेले. हे आपण जपले आहे आणि जपलेच पाहिजे. पण त्या लढ्यातली एक अडचण कोणी लिहून ठेवलेली आम्हाला आढळली नाही. परदेशी कापडाची होळी करता आली, कारण कापडाला चरख्याचे आणि मागाचे उत्तर होते. शिंदीची झाडेही तोडता आली. पण रात्री सूत कातायला बसले की पुढ्यात चिमणी, आणि चिमणीत त्याच कंपन्यांचे तेल. घाणा मोडलेला असताना त्यावर बहिष्कार कशाच्या बळावर घालणार?

स्वराज्य आल्यावरही हा धागा तुटला नाही. १९५० च्या सुमारास मुंबईजवळ तेलशुद्धीकरण कारखाने यावेत म्हणून आपल्या सरकारने परदेशी कंपन्यांना पंचवीस वर्षे राष्ट्रीयीकरण न करण्याची हमी दिली. त्यांच्या भावांची कसून तपासणी केली ती दामले समितीने, तिचा अहवाल १९६१ चा. १९७४ मध्ये एस्सो आणि १९७६ मध्ये बर्मा-शेल देशाच्या ताब्यात आली. आज सोलापूरजवळच्या पाकणीच्या डेपोतून टँकर सुटतात तेव्हा त्यांच्यावर आपल्या सरकारी कंपन्यांची नावे असतात, याचा आम्हाला अभिमान आहे. म्हणूनच त्यांच्याकडून आमची अपेक्षा मोठी आहे.

आम्हाला हवे आहे ते असे. शहरातल्या प्रत्येक पेठेत जुन्या खतावण्या, पावत्या, रॉकेलचे डबे, दुकानांवरच्या पत्र्याच्या पाट्या यांची नोंद व्हावी. सत्तरी ओलांडलेल्यांच्या आठवणी त्यांच्याच बोलीत ध्वनिमुद्रित व्हाव्यात. मराठी, तेलुगू, कन्नड, दखनी, जी असेल ती. मुंबईच्या पुराभिलेखागारात ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारापासूनचे कागद आहेत. त्यांतले तेलाच्या जकातीचे आणि परवान्यांचे कागद शोधून, त्यांच्या प्रती मराठी सारांशासह सोलापुरात वाचायला मिळाव्यात. हे काम सरकारने करावे अशी मागणी आहे, पण आम्ही वाट बघत बसणार नाही. आमच्यातले दोघे दर महिन्याला रेल्वेने जाऊन कागद उतरवून आणतील. आणि आजच्या पेट्रोल पंपावर, गॅस एजन्सीत, नुसत्या दराऐवजी त्याची फोड मराठीत लावावी: तेलाचा मूळ भाव किती, केंद्राचा कर किती, राज्याचा किती, विक्रेत्याचे कमिशन किती. त्यासाठी आम्ही दारोदार सह्या गोळा करू. तेल कंपनीचा आणि राजकीय पक्षाचा एक रुपयाही घेणार नाही. जमाखर्च दर अमावास्येला फलकावर लागेल.

येत्या १२ जानेवारीला सकाळी नऊ वाजता, चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांना फुले वाहून झाली की तिथेच नोंदवही उघडू. गड्ड्याच्या जत्रेसाठी पाहुणे आलेले असतील, त्यांनाही घेऊन या. माळ्यावर चिमणी, कंदील, जुने माप, नरसाळे, काही सापडले तर आणा. वस्तू तुमच्याकडेच राहील, आम्ही फोटो काढू आणि ती कोणाची, कुठली, कोण वापरायचे ते लिहून घेऊ. घरात म्हातारे माणूस असेल आणि त्याला चालवत नसेल तर पत्ता द्या, आम्ही घरी येऊ.