जैनथची वाट आणि आमचा नकार

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. नववीच्या पाच-सहा मुली कार्यालयात आल्या. रविवारी सायकलने जैनथला जाऊन यायचे आहे, सोबत एखाद्या बाई दिल्या तर बरे, एवढेच त्यांचे मागणे. जाऊन-येऊन चाळीस किलोमीटरच्या आसपासचा रस्ता, तोही बहुतेक सपाट. आम्ही चष्मा पुसला आणि नाही म्हटले. कारण काय, तर रस्त्यावर ट्रक फार. ते खोटे नव्हते, पण पुरते खरेही नव्हते. मुलींच्या जागी मुलगे आले असते तर आम्ही इतक्या लवकर नाही म्हटले असते का? मुली काही न बोलता वर्गात गेल्या. पुढे शाळेची सहल निघाली ती बस करून कुंटाला धबधब्याला. मुलांनी बसमध्ये गाणी म्हटली, धबधब्यापुढे फोटो काढले, पुलाव खाल्ला आणि झोपेत परत आली. दुसऱ्या दिवशी वर्गात विचारले, धबधबा कोणत्या नदीवर आहे? कडेम नदीचे नाव एकालाही सांगता आले नाही.

तेव्हापासून हा विषय मनात घोळतो आहे, म्हणून तो पालकांपुढे मांडत आहोत.

पालकसभेत एका वडिलांनी मोठे नेमके वाक्य टाकले. म्हणाले, "सर, आम्ही पायपीट केली. पोरांना ती करावी लागू नये म्हणून तर गाडी घेतली." त्यांचे म्हणणे आम्हांस कळते. बेला, तामसी, तलमडगूच्या खेड्यांतून शिकायला आलेल्या पिढीने नाल्याच्या पाण्यातून दप्तर डोक्यावर धरून वाट तुडवलेली आहे. ती मजा नव्हती. पण नाइलाजाची पायपीट वेगळी आणि आपल्या खुशीने केलेली भटकंती वेगळी. पहिली गेली ते उत्तम झाले. मात्र तिच्याबरोबर दुसरीही गेली. आज आमच्या शाळेतली मुले घरातून ऑटोत आणि ऑटोतून वर्गात येतात. शाळेमागची गाडीवाट कापसाच्या शेतांमधून कुठे जाते, हे त्यांना माहीत नाही.

मराठीच्या पुस्तकात मुले शिवनेरी, रायगड वाचतात. गो. नी. दांडेकरांनी किल्ले पायी हिंडून 'दुर्गभ्रमणगाथा' लिहिली, हेही आम्ही सांगतो. त्यामुळे होते असे, की डोंगर चढायचा तर पुण्या-साताऱ्याकडे जायला हवे, अशी आपल्या मंडळींची समजूत होऊन बसते. इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरमध्ये आपल्या जिल्ह्यातून वायव्येकडून आग्नेयेकडे जाणाऱ्या डोंगररांगेचे नाव सह्याद्रिपर्वत किंवा सातमाळा असेच दिले आहे. सह्याद्री आपल्या दारात आहे, आणि आपण तो कॅलेंडरवर पाहतो.

चालण्याची परंपरा म्हणावी तर तीही इथलीच आहे. इंद्रवेल्लीजवळ केसलापूरला पौष अमावास्येला नागोबाची जत्रा भरते. तिच्यासाठी मेसराम कुळातले गोंड बांधव दरवर्षी अनवाणी निघतात, जन्नारमकडील हस्तिनमडुगूपर्यंत चालत जातात आणि तिथून गोदावरीचे पाणी झारीत घेऊन चालतच परततात. हे पाणी आल्याशिवाय महापूजा होत नाही. वाटेत गाव लागले की मुक्काम, जेवण, ओळखी. आपल्या वारकऱ्यांचे आळंदी ते पंढरपूर असे सुमारे अडीचशे किलोमीटर चालणे ज्यांच्या घरात ऐकून ठाऊक आहे, त्यांना यात परके काहीच वाटणार नाही. दोन्हीकडे देव कारण असतो; पण चालणाऱ्याला विचाराल तर तो वाटेच्याच गोष्टी अधिक सांगतो. (आमचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, त्यामुळे आम्हांला आधी 'पगडंडी' आठवते. मराठीत ती पायवाट, तेलुगूत कालिबाट. तिन्ही शब्दांत पाय आहेच, चाक कशातही नाही.)

आता भीतीचे बोलू, कारण खरी अडचण तिथे आहे.

पहिली भीती वाघाची. ती पोकळ आहे असे आम्ही म्हणणार नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये शेजारच्या कोमरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात वाघाच्या हल्ल्यांत दोन माणसांचा जीव गेला. पैनगंगेपलीकडे टिपेश्वर अभयारण्य आहे आणि नदी वाघाला अडवत नाही. २०१९ साली टिपेश्वरचा एक तरुण वाघ गळ्यात रेडिओ कॉलर घेऊन निघाला, आपल्या जिल्ह्याच्या जंगलातूनही गेला आणि तीन हजार किलोमीटरांहून अधिक भटकून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. एवढी भटकंती आपल्यापैकी कोणी केलेली नाही! तेव्हा जंगलात मुलांना न्यायचे तर वनखात्याची परवानगी, वाट जाणणारा स्थानिक माणूस आणि ऊन असतानाच परत फिरणे, यात सूट नाही. वाघाच्या पावलांची बातमी असलेल्या भागात जायचेच नाही. पण शेतातल्या गाडीवाटेवर सकाळी आठ वाजता तीस मुलांच्या गलक्यात वाघ येईल, या भीतीने मुलांना घरी मोबाईल देऊन बसवणे आम्हांस पटत नाही.

पाण्याची भीती मात्र जितकी बाळगावी तितकी थोडी. कुंटाल्याच्या डोहात आजवर अनेक तरुण बुडाले आहेत. खडक शेवाळलेले, पाणी दिसते त्याहून खोल. धबधबा लांबून पाहायचा, हा नियम शिक्षकांनाही लागू राहील.

आणि सर्वांत मोठी भीती जिची वाटायला हवी, तिची आपल्याला सवय झाली आहे. ती म्हणजे मोठा रस्ता. राष्ट्रीय महामार्ग ४४ वर, किंवा बेल्याकडे जाणाऱ्या ट्रकांच्या रस्त्यावर, मुलांना सायकलने सोडायला आम्ही आजही तयार नाही. म्हणून आमचे म्हणणे आहे, की आपण आतल्या वाटा शोधाव्यात. जुन्या माणसांना त्या माहीत आहेत. पूर्वी जैनथला बैलगाड्या कोणत्या वाटेने जात, हे आजोबांना विचारून मुलांनी कागदावर काढावे. अमेरिकेत ॲपलाचियन ट्रेल नावाची सुमारे साडेतीन हजार किलोमीटरची पायवाट आहे. १९२१ साली एका माणसाने कल्पना मांडली आणि १९३७ मध्ये ती पूर्ण झाली. वाट चुकू नये म्हणून झाडांवर, खडकांवर पांढऱ्या रंगाचे पट्टे ओढलेले असतात, आणि तिची देखभाल बरीचशी हौशी माणसेच करतात. आपल्याला तर बांधावरच्या दगडांना चुना लावला तरी पुरेल. झाडांना खिळे नकोत, आणि बांध ज्याचा त्याला आधी विचारायचे.

राहिला मुलींचा प्रश्न. सातवीपर्यंत सायकल चालवणाऱ्या मुली पुढे एकाएकी ती सोडतात, हे आम्ही वर्षानुवर्षे पाहतो. कोणी मनाई केली असे सांगत नाही; नुसती सायकल घरी राहते. आमच्या लहानपणी तासाच्या भाड्याने मोठी सायकल आणून, दांड्याखालून पाय घालून कैची मारत शिकणारी सगळी मुलेच असत, बहिणी कट्ट्यावर बसून पाहत. बिहारमध्ये २००६ पासून सरकारने नववीच्या मुलींना सायकली दिल्या, आणि गावच्या रस्त्यावर मुलींची रांगच्या रांग शाळेला जाताना दिसू लागली. एकटी मुलगी सायकलवर दिसली की लोक बघतात, वीस दिसल्या की बघणे थांबते.

पालकहो, डिसेंबरच्या पहिल्या रविवारपासून आतल्या वाटेने पहिली फेरी काढायचे शिक्षकसभेत ठरले आहे. दोन बाई आणि दोन सर सोबत राहतील, एक गाडी मागून येईल. पंक्चरचे सामान आणि हवेचा पंप शाळेचा. मुलांनी पाण्याची बाटली आणि घरची दशमी आणावी, पाकिटातले काही नको. ज्यांच्याकडे सायकल नाही त्यांच्यासाठी शेजारपाजारची मागून ठेवू. गेल्या वर्षीच्या त्या मुली आता दहावीत आहेत. अभ्यासाचे वर्ष म्हणून त्यांचे पालक नको म्हणतील, याची कल्पना आहे. त्यांच्या घरी आम्ही स्वतः येऊन जाणार आहोत.